नाजूक कातडीच्या कुत्र्याचे स्नान



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही मंडळींना हसू आले असेल. कुत्र्यास न्हाऊ घालावयाचे ते कशाने, हा काय भाषणाचा विषय झाला? पूर्वी कुत्रा शिवला म्हणजे सोवळ्यातील माणसानेच पुन्हा स्नान करावे, अशी जुन्या घरांतून चाल होती. आता चक्र अगदी उलटे फिरले आहे. कुत्र्याने बैठकीच्या खोलीत, मुलांच्या शेजारी बसावे म्हणून आधी त्यालाच स्नान घडते. त्या चालीची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. जो प्राणी घरात राहावयाचा तो स्वच्छ असावा, हे कोणीही मान्य करील.

कुत्र्याविषयी आपल्या लोकांच्या मनात अनादरच होता असेही नाही. आमच्या धाराशिव जिल्ह्यात, नळदुर्गाजवळ, अणदूर-मैलारपूरचा खंडोबा आहे. खंडोबा म्हटला की त्याच्याबरोबर कुत्रा आलाच. श्रीदत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली आपण चित्रांतून पाहतो. महाभारताच्या अखेरीस धर्मराज स्वर्गाच्या दारी येऊनही बरोबरच्या कुत्र्यास सोडून आत जावयास तयार होत नाही. देवाच्या पायाशी अशी जागा मिळालेल्या ह्या प्राण्याची घरातील जागा मात्र फार कच्ची असते. तो सारखे अंग खाजवू लागला, पाठीवरचे केस झडू लागले, अंगाला वास येऊ लागला, की घरातील वडीलधारी मंडळी कुजबुजू लागतात. प्रथम तो माजघरातून पडवीत जातो, पडवीतून अंगणात, आणि एखाद्या दिवशी पोत्यात घालून गावाच्या वेशीबाहेर. आमच्या तेर गावी तेरणेच्या काठाने फिरावयास गेले असता, गळ्यात पट्ट्याचा वण असलेले एखादे लूत लागलेले कुत्रे दृष्टीस पडते. ते कोणाच्या तरी घरचे होते, हे त्या वणावरून कळते. पुष्कळदा ह्या हद्दपारीच्या आधी त्या घराने चार-पाच प्रकारच्या बाटल्या आणून पाहिलेल्या असतात. बाटली निवडण्याचा प्रश्न म्हणून मला क्षुल्लक वाटत नाही.

मी पशुवैद्य नव्हे. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि आयुष्य खडू-फळ्याच्या संगतीत गेले. परंतु हा विषय असा आहे की त्यातील निम्मा भाग शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातच सापडतो, आणि उरलेला पशुवैद्यांस विचारला असता ते आनंदाने समजावून सांगतात.

प्रथम कातडीचाच विचार करू. माणसाच्या कातडीचा सर्वांत वरचा पापुद्रा, ज्यास बाह्यत्वचा म्हणतात, तो साधारणपणे पेशींच्या १० ते १५ थरांचा असतो. कुत्र्याच्या अंगावर तोच अवघा ३ ते ५ थरांचा भरतो. वर केसांचे छप्पर असल्यामुळे निसर्गाने खालच्या भिंतीवर विटा-चुन्याचा फारसा खर्च केलेला दिसत नाही. ह्या पेशींना विटा म्हटले, तर त्या जोडणारा चुना म्हणजे त्यांच्यामधील स्निग्ध पदार्थ होत. त्यांपैकी सेरामाइड नावाचे पदार्थ विशेष महत्त्वाचे आहेत. ज्या कुत्र्यांची प्रकृती जन्मतःच अतिसंवेदनशील असते, म्हणजे ज्यांना परागकण, घरातील धुळीतले सूक्ष्म किडे, बुरशी असल्या साध्या गोष्टींचेही वावडे असते, त्यांच्या कातडीत हा चुनाच कमी असल्याचे आढळले आहे. चुना पडलेल्या भिंतीतून पाणी बाहेर झिरपावे आणि मुंग्या आत शिराव्या, तशी त्यांची स्थिती. अशा भिंतीवर आपण ज्या द्रव्याचा फेस करतो ते द्रव्य मळाबरोबर उरलासुरला चुनाही धुऊन नेत असेल, तर कुत्रा स्नानानंतर दोन दिवस चकचकीत दिसेल आणि तिसऱ्या दिवसापासून पूर्वीपेक्षा अधिक खाजवील.

दुसरी गोष्ट सामूची. आम्लता वा अल्कता मोजण्याच्या ह्या मापात ७ हा आकडा मध्यावर असतो, त्याच्या खाली आम्ल आणि वर अल्क. माणसाची कातडी आम्लतेकडे झुकलेली, म्हणजे साधारण साडेचार ते साडेपाच सामूची. कुत्र्याच्या कातडीचा सामू ह्याहून वरचा, सरासरीने ७ च्या आसपास. पण जातीप्रमाणे आणि शरीराच्या भागाप्रमाणे तो ६ पासून थेट साडेआठपर्यंत बदलतो. म्हणून माणसासाठी बनविलेला शाम्पू कुत्र्याच्या अंगाला मानवेलच असे नाही. आता कोणी विचारील की घरात दुसरे काहीच नसताना कुत्रा चिखलात लोळून आला तर काय करावे? एखाद्या वेळी लहान मुलांचा सौम्य शाम्पू वापरण्यास हरकत नाही. दर आठवड्यास मात्र तोच वापरू नये. दुकानात एक-दोन रुपयांस मिळणारी माणसांच्या शाम्पूची पुडी फोडून कुत्र्यावर रिकामी करण्याची जी सवय पसरली आहे, ती सोडलेली बरी.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. त्याच्या घामाच्या मुख्य ग्रंथी पंजांच्या तळव्यांना असतात. आपल्याला नित्य स्नानाची जी गरज भासते ती त्याला नाही. निरोगी, आखूड केसांच्या कुत्र्यास महिन्या-दोन महिन्यांतून एकदा स्नान पुरते. एरव्ही ओल्या फडक्याने अंग पुसले व दातेरी ब्रशाने केस विंचरले की झाले. आपल्याकडील कारवानी किंवा शेजारच्या कर्नाटकातील मुधोळचे शिकारी कुत्रे पाहा. भारतीय टपाल खात्याने २००५ साली ज्याचे तिकीट काढले तेच हे मुधोळचे कुत्रे. अंगावर चरबी बेताची, केस बारीक व आखूड, कातडी पातळ. अशा कुत्र्यास दर रविवारी साबणाने घासणे म्हणजे रेशमी उपरणे धोपाटण्याने बडविणे होय. उलट, थंड मुलखातली दाट केसांची कुत्री हौसेने मराठवाड्याच्या उन्हाळ्यात आणून ठेवणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांच्या केसांच्या मुळाशी ओल कोंडते आणि पावसाळ्यात तेथे बुरशी धरते. हौस मालकाची आणि खाज कुत्र्याची, असा तो व्यवहार आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. दुकानात जाऊन “नाजूक कातडीसाठी एखादा सौम्य शाम्पू द्या” असे म्हणण्यापूर्वी कुत्रा खाजवतो का, ह्याचा शोध घेतला पाहिजे. नाजूक कातडी हे रोगाचे नाव नाही. तापाला जशी अनेक कारणे, तशी खाजेलाही. कुत्रा कोठे खाजवतो हे नीट पाहिले असता बराच उलगडा होतो. शेपटीच्या मुळाशी व पाठीच्या मागच्या भागावर सारखा चावत असेल, तर पिसवांचा संशय घ्यावा. काही कुत्र्यांना पिसवेच्या लाळेचेच वावडे असते, आणि मग थोड्याशा पिसवाही त्यास हैराण करून सोडतात. कानाच्या पाळीच्या कडा आणि कोपरे येथे खपल्या धरून कुत्रा रात्रंदिवस ओरबाडत असेल, तर ती खरी खरूज, म्हणजे कातडीत बिळे करणाऱ्या सूक्ष्म किड्यांची करणी असण्याचा संभव. पंजे चाटून चाटून तांबडे झाले, कान वारंवार फुटू लागले, काखा व जांघा लाल झाल्या, तर वावड्याचा विकार. अंग तेलकट, कातडी जाड व काळपट, आणि आंबूस वास, तर बुरशीची वाढ. केसांत वाटोळे टक्कल पडत असेल तर गजकर्णाचा विचार करावा.

ह्या यादीतील दोन गोष्टी माणसांना लागतात. किड्यांची खरूज आणि गजकर्ण, ह्या त्या दोन. घरातील कोणाच्या पोटावर वा दंडावर त्याच सुमारास पुरळ उठली असेल तर पशुवैद्यास ते आवर्जून सांगावे. वावड्याचा विकार मात्र कोणासही लागत नाही. मूल कुत्र्याच्या गळ्यात पडून झोपले तरी लागत नाही. वेशीबाहेर गेलेल्या पुष्कळ कुत्र्यांना हाच न लागणारा रोग झालेला असतो, ही मोठी खेदाची गोष्ट आहे. आणि जी लागणारी खरूज, तिच्यावर गेल्या दहा-बारा वर्षांत फारच गुणकारी औषधे आली आहेत. पशुवैद्याने वजन पाहून दिलेल्या पोटात घ्यावयाच्या गोळीने ते किडे मरतात, आणि त्याच गोळीने गोचीड व पिसवाही आटोक्यात येतात. शाम्पूच्या शंभर बाटल्यांनी जे होणार नाही ते येथे एका गोळीने होऊ शकते. कातडी किंचित खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली म्हणजे पुष्कळदा निदान ठरते. क्वचित किडे हाती लागत नाहीत, आणि मग पशुवैद्य लक्षणांवरून औषध देऊन पाहतात. ही तपासणी करणारे सरकारी दवाखाने तालुक्याच्या ठिकाणी असतात. आमच्या भागातील लोकांना उदगीरचे पशुवैद्यक महाविद्यालय जवळ पडते, आणि मुंबईकरांना परळचे, जे १८८६ सालापासून चालू आहे.

इतके झाले, रोगाचे नाव कळले, आणि पशुवैद्याने सांगितले की ह्याला वावड्याचा विकार आहे, हा जन्मभर सांभाळावा लागेल, तर मग शाम्पूची निवड खऱ्या अर्थाने महत्त्वाची ठरते. कारण अशा कुत्र्याचे स्नान हे उपचाराचेच एक अंग असते. केसांवर बसलेले परागकण व धूळ धुऊन जाते, आणि काही काळ तरी खाज शमते.

येथे एक आडवाटेची गोष्ट सांगितल्यावाचून मला राहवत नाही. शाम्पू हा शब्द आपण इंग्रजी म्हणून वापरतो, पण तो आपल्याच देशातून तिकडे गेलेला आहे. अंग चेपणे, दाबणे ह्या अर्थाच्या हिंदी ‘चाँपना’ ह्या क्रियापदापासून तो निघाला. न्हाव्याची ‘चंपी’ त्याचीच बहीण. पाटण्याचा दीन महंमद नावाचा गृहस्थ, जन्म १७५९, इंग्लंडात गेला आणि ब्रायटन ह्या समुद्रकाठच्या गावी त्याने बाष्पस्नान व मर्दन ह्यांचे गृह चालविले. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम ह्या राजांचा तो मर्दनकार होता. त्या काळी शाम्पू म्हणजे मर्दन. केस धुण्याचे द्रव्य हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला. मला वाटते, नाजूक कातडीच्या कुत्र्याच्या बाबतीत तो जुना अर्थच अधिक उपयोगी आहे. हात हलका पाहिजे.

असो. आता साबण आणि पाणी. साबण म्हणजे तेल व कॉस्टिक सोडा ह्यांच्या संयोगाने बनलेला क्षार. त्याच्या पाण्याचा सामू ९ ते १० पर्यंत जातो. कुत्र्याच्या पातळ कातडीस तो कडक पडतो, मग वडी कपड्यांची असो की अंगाची. दुसरे असे की आमच्या मराठवाड्यातील बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन असते. शाळेत शिकलेला हा शब्द पुष्कळांना आठवत असेल. ज्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम ह्यांचे क्षार अधिक, त्यात साबणाचा फेस होत नाही, पांढरा साका मात्र धरतो. हा साका कुत्र्याच्या केसांच्या मुळाशी बसतो, कितीही पाणी ओतले तरी निघत नाही, आणि वाळला की खाज सुटते. एका बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात साबणाचा चुरा टाकून हलवावे. फेस न होता वर साय धरली तर पाणी दुष्फेन समजावे. अशा घरी कुत्र्याला साबण मुळीच लावू नये. शाम्पूतील कृत्रिम फेसद्रव्ये ह्या क्षारांशी असा साका बनवीत नाहीत. तो त्यांचा मोठाच गुण आहे. तरी शेवटचे एक-दोन तांबे पावसाचे साठविलेले किंवा गाळण यंत्रातले सुफेन पाणी मिळाले तर ते अंगावरून घालावे.

सगळीच फेसद्रव्ये मात्र सारखी सौम्य नसतात, आणि येथे बाटलीच्या पाठीमागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. पुढच्या बाजूस जे ठळक छापलेले असते, ‘सौम्य’, ‘नैसर्गिक’, ‘आयुर्वेदिक’, ‘पशुवैद्यांनी शिफारस केलेला’, ते वाचून काहीच कळत नाही. ‘सामू संतुलित’ ह्या शब्दांचीही तीच गत. आकडा दिलेला नसेल तर ते संतुलन कोणाच्या कातडीशी जुळणारे, हे कसे समजावे? शाळेच्या प्रयोगशाळेत असते तशी सामू मोजण्याची कागदी पट्टी रसायनांच्या दुकानात मिळते; ती शाम्पूच्या पाण्यात बुडवून रंग पाहिला की एका मिनिटात उत्तर मिळते. सहा-सात ते साडेसातच्या दरम्यान रंग आला म्हणजे समाधान मानावे.

मागील बाजूस द्रव्यांची यादी असेल तर ती वाचावी. सोडियम लॉरिल सल्फेट हे नाव सुरुवातीलाच आले तर ती बाटली नाजूक कातडीसाठी घेऊ नये. हे द्रव्य स्वस्त आहे, फेस भरपूर देते, आणि कातडीतील स्निग्धताही तितक्याच उत्साहाने ओढून काढते. सोडियम लॉरेथ सल्फेट हे नाव जवळपास तसेच, पण द्रव्य त्याहून मवाळ. डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही साखर व वनस्पतिजन्य तेले ह्यांपासून बनविलेली फेसद्रव्ये सौम्य समजली जातात. कोकामिडोप्रोपिल बीटेन हेही त्यांच्याच पंक्तीला बसणारे. ह्यांचा फेस बेताचा येतो. आपल्या गृहिणींना फेस कमी म्हणजे माल हलका, असे वाटते आणि त्या आणखी ओततात. तसे करू नये. फेस हा डोळ्यांना मिळणारा दिलासा आहे, स्वच्छतेशी त्याचा संबंध थोडा.

वासाचा मुद्दा ह्याहून महत्त्वाचा. गुलाब, मोगरा, सफरचंद असले सुगंध बाटलीत घातलेले असतात ते गिऱ्हाइकासाठी. कुत्र्याला ते नको असतात. ज्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी तीक्ष्ण, त्याच्या सर्वांगाला अत्तर चोपडले तर त्याने अंगणातील मातीत जाऊन लोळावे ह्यात नवल ते काय? पण गोष्ट केवळ आवडीनिवडीची नाही. सुगंधी द्रव्ये ही वावडे उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत अग्रेसर आहेत. रंगाचीही काही गरज नसते. टिकाऊपणासाठी घातलेल्या द्रव्यांपैकी मिथिलआयसोथायझोलिनोन हे लांबलचक नाव ध्यानात ठेवावे. माणसांना ह्यापासून इतका त्रास होऊ लागला की अंगावर तसेच राहू द्यावयाच्या प्रसाधनांत ते घालण्यास युरोपीय संघाने २०१६ साली मनाई केली. थोडक्यात, बिनवासाचा, बिनरंगाचा, लहान यादीचा शाम्पू शोधावा. ओटच्या बारीक पिठाचा अंश असलेला मिळाल्यास उत्तम. ओटमध्ये दाह शमविणारी द्रव्ये असतात हे चांगले प्रस्थापित झालेले आहे. ग्लिसरीन किंवा सेरामाइड असेल तर तेही चांगलेच.

आणि यादीच छापलेली नसेल तर? आपल्याकडे असे पुष्कळदा आढळते. आपल्या १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधनाची जी व्याख्या आहे ती मनुष्याच्या शरीरावर वापरावयाच्या वस्तूंची आहे. कुत्र्याचा साधा शाम्पू तीत सहजासहजी बसत नाही. साहजिकच आत काय आहे हे सांगणे बरेचसे बनविणाऱ्याच्या मर्जीवर राहते. माझे मत विचाराल तर, जो आपल्या बाटलीत काय आहे हे सांगत नाही त्याची बाटली नाजूक कातडीच्या जनावरासाठी विकत घेऊ नये; मग ती कितीही महाग असो.

घरगुती उपायांविषयी लोक हटकून विचारतात. रिठ्याचे पाणी आपल्या आजीच्या काळापासून चालत आलेले. रिठ्यातील फेसद्रव्य खरोखरच मळ काढते, आणि ते पाणी साबणासारखे अल्क नसते. पण रिठा डोळ्यात गेला तर काय होते हे ज्याने अनुभवले आहे त्याला सांगावे लागणार नाही, आणि तो पोटात गेला तर ओकारी होते. कुत्रा तर स्नानानंतर अंग चाटतोच. शिकेकाईची पूड केसांत अडकून बसते आणि कातडीस टोचते. निंबाचा पाला उकळून गार केलेले पाणी बहुधा निरुपद्रवी. मात्र निंबाचे तेल निव्वळ लावल्यास आग होते. कोरफडीचा आतील स्वच्छ गर चालेल, परंतु सालीखालचा पिवळा चीक चाटण्यात आल्यास जुलाब होतात. हळद-तेलाचा लेप लावणाऱ्यांची भावना चांगली असते, पण त्या चिकट थरावर धूळ बसून घाण वाढते.

ह्या साऱ्यांना अपाय फार तर थोडा म्हणता येईल. खरे भयंकर उपाय निराळेच आहेत. खरूज झाली म्हणून कुत्र्याच्या अंगाला मोटारीचे जळके तेल किंवा घासलेट चोपडणारे लोक अजून आहेत. कुत्रा ते चाटतो, ते पोटात जाते, फुप्फुसात उतरते, आणि कातडी जळते ती वेगळीच. फरशी पुसण्याचे फिनेल पाण्यात मिसळून त्याने कुत्रे धुणे हाही त्याच जातीचा प्रकार. आणि सुशिक्षित घरांतून अलीकडे टी ट्री नावाचे तेल नैसर्गिक म्हणून लावतात. ते निव्वळ वापरल्याने कुत्र्यांना विषबाधा झाल्याची उदाहरणे वैद्यकात नोंदलेली आहेत. धोतराही नैसर्गिकच असतो, हे अशा वेळी आठवावे.

गोचीड-पिसवांसाठी म्हणून जे शाम्पू मिळतात ते कीटकनाशके होत. त्यांना सौम्य म्हणता येणार नाही, आणि आग होत असलेल्या कातडीवर ते पशुवैद्यास विचारल्यावाचून लावू नयेत. त्यांतील पुष्कळांत परमेथ्रीन असते. कुत्रा ते सोसतो. पण मांजराच्या यकृताला ते पचवून बाहेर टाकता येत नाही, आणि मांजर झटके येऊन मरू शकते. ज्या घरात दोन्ही प्राणी एकमेकांच्या अंगावर लोळतात, त्या घराने ही गोष्ट विसरू नये. मानेवर थेंब सोडण्याचे औषध लावले असेल तर आधी व नंतर दोन दिवस स्नान घालू नये. ते औषध कातडीच्या स्निग्धतेतूनच अंगभर पसरत असते.

औषधी शाम्पू हा आणखी एक वर्ग. क्लोरहेक्झिडीन जंतूंवर, मायकोनाझोल बुरशीवर, बेन्झॉयल पेरॉक्साइड तेलकट व पुवाळलेल्या कातडीवर. हे शेवटचे द्रव्य कातडी फार कोरडी करते आणि टॉवेलाचा रंगही घालविते. जंतूंचा संसर्ग वरवरचा असेल तर दोन ते चार टक्के क्लोरहेक्झिडीनच्या शाम्पूने पुष्कळदा पोटातील प्रतिजैविकांवाचून काम भागते. प्रतिजैविकांना न जुमानणारे जंतू सर्वत्र वाढत असताना ही मोठीच सोय आहे. मात्र हे शाम्पू अंगावर दहा मिनिटे राहिले पाहिजेत. दहा मिनिटे म्हणजे घड्याळाची दहा मिनिटे. भिजलेले कुत्रे धरून बसणाऱ्यास दोन मिनिटेच दहासारखी वाटतात, म्हणून घड्याळ समोर ठेवावे.

नवी बाटली घरी आणली की ती लगेच सर्वांगास लावू नये. आमच्या गावच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांस ठाऊक आहे. मडके कच्चे की पक्के हे त्यांनी दिसण्यावरून ठरविले नाही, थापटण्याने वाजवून पाहिले. तद्वत्, शाम्पूचे थोडे पाणी करून ते मांडीच्या आतील बाजूस, जेथे केस विरळ असतात तेथे, रुपयाएवढ्या जागी लावावे, पाच मिनिटांनी धुवावे, आणि दोन दिवस वाट पाहावी. जागा लाल झाली किंवा कुत्रा तीच चाटू लागला, तर बाटली परत करावी किंवा कोणास देऊन टाकावी.

स्नानाची रीत थोडक्यात सांगतो. पाणी कोमट, किंबहुना गारच. कढत पाण्याने खाज भडकते. आधी केस मुळापर्यंत भिजवावेत. शाम्पू बाटलीतून थेट पाठीवर ओतू नये. तांब्यात पाण्याशी मिसळून मग लावावा, म्हणजे तो एका जागी साचत नाही. नखांनी घासू नये, बोटांच्या पेरांनी केसांच्या कलाप्रमाणे चोळावे. डोळे टाळावेत, कानांत पाणी जाऊ देऊ नये. लावण्यास जितका वेळ लागला त्याच्या दुप्पट वेळ धुण्यास द्यावा. काखा, जांघा व पोटाखालचा भाग हमखास राहून जातात. टॉवेलाने घासण्याऐवजी टिपून घ्यावे, आणि पंजांच्या बोटांमधील फटी कोरड्या कराव्यात. पावसाळ्यात बुरशी बहुधा तेथूनच सुरू होते. केस वाळविण्याचे गरम हवेचे यंत्र अशा कुत्र्यावर वापरू नये, पंखा पुरतो.

शेवटी एक मास्तरी सूचना. घरात एक लहान वही करावी आणि तीत स्नानाची तारीख, शाम्पूचे नाव, आणि त्यानंतर कुत्र्याने किती खाजवले, थोडे, मध्यम की फार, एवढेच लिहीत जावे. रोज दहा सेकंदांचे काम; घरातील शाळकरी मुलावर सोपविले तर तो हजेरीपटासारखे चोख करील. वर्षभराच्या नोंदी झाल्या म्हणजे खाज गवत फुलण्याच्या दिवसांत वाढते की बारमाही असते, स्नानाने ती किती दिवस थांबते, नव्या बाटलीनंतर ती कमी झाली की अधिक, हे आपोआप दिसू लागते. पशुवैद्याकडे जाताना कुत्र्याबरोबर ती वहीही न्यावी.